नववीसाठी विज्ञान ऑलिंपियाडचा सराव-संच : कामाच्या नोंदी

१८ जून

शाळा सुरू झाली. नववीतली काही मुलं नोव्हेंबरातल्या एनएसईजेएस परीक्षेला बसणार आहेत. ही कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडची पहिली पायरी. ती इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स घेते. पुढच्या पायऱ्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात आणि शेवटी सहा जणांचा भारतीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातो. ती स्पर्धा २००४ साली इंडोनेशियात सुरू झाली आणि २०१३ साली आपल्या पुण्यात भरली होती. वाईहून पुणे दोन-अडीच तासांवर आहे, म्हणून हे मुलांना मुद्दाम सांगितलं.

जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात, त्या मुलांना तशाच देणार आहे. अडचण वेगळी आहे. पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय आणि ती प्रश्नपत्रिका यांच्यामध्ये मोठी दरी आहे. मराठी माध्यमाचं मूल थेट तिथे गेलं की पहिल्या दहा प्रश्नांतच हात टेकतं. मधली पायरी म्हणून मराठीत एक संच करायचा आहे : भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि थोडं खगोल. प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर. उत्तरात बरोबर पर्याय का बरोबर हे तर असेलच, पण बाकीचे तीन का चूक तेही असेल. दुसरी कुठली शाळा हे काम करणार असेल तर तिला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवत आहे.

२७ जून

पहिला मसुदा वर्गात दिला. निकाल उत्तम लागला आणि म्हणूनच शंका आली. ज्या मुलीला घनता नीट येत नाही तिचेही घनतेचे प्रश्न बरोबर आले होते. तिला विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "मॅडम, सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो."

मसुदा काढून पाहिला. तिचं खरं होतं. बरोबर पर्याय लिहिताना तो निर्दोष व्हावा म्हणून आपण त्याला अटी जोडत जातो आणि चुकीचे पर्याय दोन शब्दांत उरकतो. शिवाय 'वरीलपैकी सर्व' जिथे दिलं होतं तिथे बहुतेक वेळा तेच उत्तर होतं, आणि बरोबर उत्तर 'ब' किंवा 'क' वरच जास्त वेळा पडलेलं होतं.

दुरुस्ती : चारही पर्याय साधारण एका लांबीचे. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यापैकी नाही' पूर्ण बंद. उत्तराची जागा दोन नाणी उडवून ठरवायची : छापा-छापा म्हणजे अ, छापा-काटा म्हणजे ब, काटा-छापा म्हणजे क, काटा-काटा म्हणजे ड. कोणतं नाणं पहिलं ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

त्याहून मोठा बदल हा की यापुढे पर्याय मी मनाने लिहिणार नाही. प्रश्न आधी पर्यायांशिवाय फळ्यावर लिहायचा, मुलांनी कागदावर उत्तर आणि कारण लिहायचं. त्या कागदांवर जी चुकीची उत्तरं येतील तेच पर्याय. वेळ दुप्पट लागणार आहे.

४ जुलै

मेणबत्तीचा प्रश्न. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. का? बाजारातल्या एका मार्गदर्शकात उत्तर असं होतं : ऑक्सिजन जळून जातो, तो हवेच्या एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढतं. मुलांच्याही कागदांवर जवळपास सगळीकडे हेच.

टेबलावर करून पाहिलं. एका मेणबत्तीने पाणी थोडं चढलं. त्याच ग्लासाखाली दोन, मग तीन मेणबत्त्या ठेवल्या तर प्रत्येक वेळी जास्त चढलं. ऑक्सिजन संपणं हेच कारण असतं तर मेणबत्त्या कितीही ठेवल्या तरी पाणी तेवढंच चढायला हवं होतं, कारण ग्लासातली हवा तेवढीच आहे. दुसरी गोष्ट मागच्या बाकावरच्या मुलाने टिपली : ज्योत जळत असताना पाणी जवळजवळ हलत नाही, विझल्यावर झपकन चढतं. म्हणजे मुख्य कारण तापलेली हवा थंड होऊन आकसणं हे. ज्योतीने तापलेली थोडी हवा ग्लास टेकताना बाहेर निघूनही जाते. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरतच नाही, हवेत तो १६ टक्क्यांच्या आसपास उरलेला असतानाच ती विझते. जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो.

प्रश्न आता असा झाला : एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवल्या तर पाण्याची पातळी (अ) तेवढीच, (ब) जास्त, (क) कमी, (ड) मुळीच चढणार नाही. 'तेवढीच' हा पर्याय ऑक्सिजनवाल्यांसाठी. 'कमी' म्हणणाऱ्या मुलाने लिहिलं होतं की तीन मेणबत्त्या स्वतःच जास्त जागा व्यापतात. चांगला विचार आहे, पण त्याने परिणाम पुरता पालटत नाही. हेही उत्तरात लिहिलं.

९ जुलै

मग ऑक्सिजन खरोखर एक पंचमांश आहे हे दाखवायचं कसं? लोखंड गंजवून. ओला लोखंडी तंतूंचा बोळा मोजपात्राच्या तळाशी दाबून बसवायचा आणि पात्र पाण्यात उपडं ठेवायचं. लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं, उष्णता जाणवण्याइतकी नसते आणि दुसरा वायू तयार होत नाही.

भांडी घासायची तारेची घासणी वापरली. दोन दिवस काहीच घडलं नाही. ती स्टेनलेस स्टीलची असते, गंजत नाही. रंगाच्या दुकानात लाकूड घासायला स्टील वूल मिळतं ते आणलं (४५ रुपये). तेही पहिल्या रात्री फारसं गंजलं नाही, कारण त्याला तेलाचा हात असतो. व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवून, झटकून लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी २५० मिलिलिटरच्या पात्रात पाणी जवळजवळ ५० मिलिलिटर चढलेलं होतं. वाचन घेण्याआधी पात्र वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करायची, नाहीतर आतला दाब वेगळा राहून आकडा चुकतो.

हा आठवडा एकाच प्रश्नाला गेला. तरी तो सार्थकी लागला असं मला वाटतं. मुलं आता मेणबत्ती आणि गंज हे दोन प्रयोग शेजारी ठेवून बोलतात.

१७ जुलै

बर्फ. पाण्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी बदलत नाही, हे बऱ्याच मुलांना पाठ आहे, कारण मात्र सांगता येत नाही. म्हणून तीन जोडप्रश्न केले : साधं पाणी, मिठाचं संपृक्त पाणी, आणि बर्फात गोठवलेले लोखंडी नट.

पातेल्यात करून काही दिसत नाही, पातळीतला फरक पसरट भांड्यात हरवतो. उभी काचेची बरणी घेतली आणि तिच्या तोंडातून जेमतेम आत जाईल असा बर्फ स्टीलच्या पेल्यात गोठवला. मिठाच्या पाण्याची घनता साधारण १.२. म्हणजे १०० ग्रॅम बर्फ ८३ घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारतो, वितळल्यावर मात्र १०० घनसेंटिमीटर होतो. पातळी वाढते, आणि बरणीत ती चार मिलिमीटर वाढलेली स्पष्ट दिसली. नट घातलेल्या बर्फाच्या बाबतीत उलट. तरंगताना नटाचं वजन पाण्याने पेललेलं असतं, तळाशी पडल्यावर तो फक्त आपल्या आकारमानाएवढंच पाणी सारतो. पातळी उतरते, पण दीड-दोन मिलिमीटरच. पहिल्या वेळी नट जास्त झाले आणि बर्फच बुडाला. १०० ग्रॅम बर्फाला आठ ग्रॅम नट पेलतात.

वाईचा जुलै. बरणी बाहेरून घामेजते, पेनची खूण पुसली जाते. खुणेसाठी बरणीभोवती रबरबँड लावावा आणि वाचनाआधी काच पुसावी. इथे अर्धा दिवस गेला.

एका मुलीने विचारलं, बर्फात हवेचे बुडबुडे असतील तर? हवेचं वजन नगण्य, म्हणून उत्तर बदलत नाही. हा प्रश्न तिच्या नावाने संचात घातला आहे.

२९ जुलै

दोन दिवस धरणातून विसर्ग सुरू आहे, घरोघरी टीएमसी आणि क्युसेकचीच चर्चा. धोम धरण इथून जवळ आहे आणि मुलांनी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या बुडताना पाहिल्यात. प्रश्न : १०,००० क्युसेकने पाणी सोडलं तर १ टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल?

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. भागाकार केला की एक लाख सेकंद, म्हणजे साधारण २८ तास. लिटरमध्ये जायची गरजच नाही. ज्यांनी २८.३ लिटरने गुणायला घेतलं त्यांची पाच मिनिटं त्यातच गेली. कागदांवरून पर्याय आपोआप मिळाले : 'हजार' विसरून फक्त दशलक्ष धरलं तर १०० सेकंद, एक शून्य गाळलं तर २.८ तास, साठाने एकदाच भागून त्याला तास म्हटलं तर १,६६७ तास. तिन्ही पर्याय मुलांच्या हातून आलेले आहेत, आणि चूक कुठे झाली ते पर्यायावरूनच कळतं. या संचातला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

१ ऑगस्ट

शून्य सावली. वाईचा अक्षांश जवळजवळ १८ अंश उत्तर, त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर. मेमध्ये सुट्टी, आज आभाळ गच्च. काही दिसलं नाही.

प्रश्न मात्र ठेवला : कोल्हापूर, नागपूर, भोपाळ, दिल्ली यांपैकी कुठे शून्य सावली कधीच दिसणार नाही? उत्तर दिल्ली. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेकडून जातं, म्हणून भोपाळ थोडक्यात आत येतं. कागदांवर मुलांचे दोन ठाम समज दिसले. एक, सूर्य रोज बाराला डोक्यावर असतो. दोन, तो फक्त विषुववृत्तावरच डोक्यावर येतो. पहिल्यासाठी वेगळा प्रश्न करावा लागला. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात आणि वाई जवळजवळ ७४ अंशांवर आहे. अंशाला चार मिनिटं धरली तरी अर्ध्या तासाहून जास्त फरक येतो. या दिवसांत इथली खरी मध्यान्ह १२.४० च्या सुमारास असते.

१२ ऑगस्ट

पाणी किती अंशाला उकळतं? सगळ्यांचं उत्तर १००. समुद्रसपाटीपासून वाई सुमारे ७०० मीटरवर आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी १०० येणार नाही.

प्रयोगशाळेतले तापमापक एकाच भांड्यात बुडवले तर आपसातच दोन अंशांपर्यंत फरक दाखवत होते. असा तापमापक घेऊन दोन अंशांचा फरक मोजणं व्यर्थ. मग वितळत्या बर्फात सगळे तपासले, शून्याच्या सर्वांत जवळचा निवडला आणि तोच एक तापमापक दोन्हीकडे वापरायचं ठरवलं. रोज पसरणी घाटातून महाबळेश्वरला ये-जा करणारे आमचे एक सहकारी तो घरी घेऊन गेले. वाईला ९७ च्या थोडं वर, महाबळेश्वरला ९५ च्या थोडं वर. दोन अंशांचा फरक नीट आला.

प्रश्नात आता निरपेक्ष आकडा विचारत नाही. चार तापमापकांची बर्फातली आणि उकळत्या पाण्यातली वाचनं दिली आहेत, आणि दोन गावांतल्या फरकावर कोणाचा भरवसा धरता येईल ते विचारलं आहे. असा प्रश्न मुलांना जड जातो. प्रायोगिक फेरीपर्यंत पोहोचणाऱ्याला मात्र हेच लागतं.

२५ ऑगस्ट

रक्तगट. मसुद्यात लिहिलं होतं : 'तुमच्या घरच्यांचे रक्तगट लिहा आणि जनुकप्रकार शोधा.' हा प्रश्न काढून टाकला. वर्गात देण्याआधी जीवशास्त्राच्या बाईंनी थांबवलं आणि त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. ओळखपत्रांवरचे रक्तगट अनेकदा अंदाजाने लिहिलेले असतात. एखाद्या मुलाला घरचे गट जुळेनात आणि त्यावरून घरात प्रश्न उठले, तर एका सरावप्रश्नासाठी ती किंमत फार मोठी आहे.

त्याऐवजी काल्पनिक कुटुंब : आईचा गट ए, वडिलांचा बी, मुलाचा ओ. हे शक्य आहे का? दोघांकडेही ओ चं जनुक लपलेलं असेल तर आहे, आणि तेव्हा प्रत्येक अपत्याच्या वेळी शक्यता एक चतुर्थांश. 'पहिलं मूल ओ असलं तर पुढची तीन ओ नसणार' हा पर्याय मुलांच्या कागदांवरून आला आणि तो खूप जणांनी निवडला. त्यावर नाणी उडवून एक तास घेतला.

११ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. आता विजेचा प्रश्न. ४० वॅट आणि १०० वॅटचे दिवे एकसरीत जोडले तर कोणता जास्त प्रकाश देईल? हा जुना, नेहमीचा प्रश्न. ४० वॅटच्या दिव्याचा रोध जास्त, म्हणून एकसरीत तोच जास्त उजळतो.

मुलांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या घरात तारेचे दिवे नाहीत, एलईडी आहेत, आणि एलईडीला हा नियम लागू पडत नाही कारण आत स्वतंत्र सर्किट असतं. बाजारात ४० चा दिवा शोधायलाही दोन दुकानं फिरावं लागलं. आणि २३० व्होल्टवर मुलांना काही जोडायला देणं मला मान्य नाही.

उपाय गॅरेजमध्ये मिळाला. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा आणि मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट ५ वॅटचा दिवा, प्रत्येकी १५-२० रुपये. जुनी १२ व्होल्टची बॅटरी गॅरेजवाल्या काकांनी दिवसभरासाठी दिली. समांतर जोडले तर १० चा उजळ, एकसरीत जोडले तर ५ चा. दोन्ही जोडण्या मुलांनी हाताने केल्या. बॅटरीच्या वायरीत फ्यूज घालावा. एकदा दोन टोकं चिकटली आणि वायर तापली.

२३ सप्टेंबर

विषुवदिन, आणि ऊन पडलं! एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. मध्यान्हीला सावली सुमारे ३२ सेंटिमीटर, उत्तरेकडे. गुणोत्तरावरून कोन १८ अंश, म्हणजे वाईचा अक्षांश. ऑगस्टमध्ये जे दिसलं नाही ते आज कागदावर उतरलं. हीच वाचनं घेऊन नवा प्रश्न केला. सावली १२ वाजता न मोजता दर पाच मिनिटांनी मोजून सर्वांत आखूड कोणती ते निवडावं.

१४ ऑक्टोबर

वेळ लावून पूर्ण चाचणी. परीक्षेत ६० प्रश्नांना १२० मिनिटं. पहिल्या भागात बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला वजा १. मुलं दोन टोकांची : काही जण एकही अंदाज करत नाहीत, काही सगळीकडे ठोकतात. फळ्यावर हिशेब मांडला. डोळे मिटून चारांतला एक निवडला तर सरासरी शून्य, फायदा नाही आणि तोटाही नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर सरासरी एक तृतीयांश गुण हाती येतो, दोन खोडता आले तर एक गुण. म्हणून खोडता आला तरच अंदाज, असा नियम मुलांनीच केला.

चाचणीनंतर प्रत्येक प्रश्नाला कोणता पर्याय किती जणांनी निवडला त्याची रेघा मारून मोजणी केली. जो पर्याय कोणीच निवडत नाही तो जागा अडवतो, तो बदलला. एका प्रश्नात वर्गातली चांगली मुलं चुकली आणि कच्ची मुलं बरोबर आली. तेव्हा प्रश्नच तपासला. वाक्य संदिग्ध होतं : 'वेग वाढतो' म्हणजे परिमाण की दिशेसकट, ते स्पष्ट नव्हतं. प्रश्न रद्द.

६ नोव्हेंबर

छपाई. पहिल्या झेरॉक्समध्ये आकृत्यांमधला करडा भाग काळा पडला आणि बर्फ-पाण्याची रेष गायब झाली. सगळ्या आकृत्या फक्त रेघांच्या करून पुन्हा काढल्या. ३६ पानं, पानाला दीड रुपया, स्पायरलचे २५, म्हणजे एक प्रत ७९ रुपयांना पडली. उत्तरांची पानं वेगळी बांधली. प्रश्नांमागेच उत्तर असलं की मूल तिथेच उलटून पाहतं.

२७ नोव्हेंबर

परीक्षा झाली. मुलांशी बसून बोलले. ज्या भागात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे ओळखले तरच गुण मिळतात, तिथे ती अडखळली. आमच्या संचात तसा एकही प्रश्न नाही, तो भाग आता सुरू केला आहे. पहिला प्रश्न बर्फाचाच : बर्फ वितळल्यावर पातळी कुठे उतरेल? (अ) साधं पाणी, नट गोठवलेला तरंगता बर्फ. (ब) टर्पेंटाइन, त्यात बुडालेला बर्फ. (क) मिठाच्या पाण्यात तरंगता बर्फ. (ड) साध्या पाण्यात तरंगता, बुडबुडे असलेला बर्फ. हिशेबाने अ आणि ब. अ, क, ड आपण पाहिलेत, ब पाहिलेला नाही. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइनची बाटली मागवली आहे. शनिवारी व्हरांड्यात, जवळपास काडीसुद्धा न पेटवता करून पाहू आणि मगच प्रश्न टंकायला देऊ.